दाराबाहेरच्या चपला

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना तर नाहीच. नवऱ्याला एकदा सांगायला बसले होते – तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि मला बरंच वाटलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि समोर बसून समजूतदारपणे मान हलवणार नाही. मान हलवणाऱ्यांचा मला वीट आहे. मी स्वतः इतकी वर्षं पगार घेऊन मान हलवली आहे.

सुरुवात चपलेपासून करावी लागेल. त्याला इलाज नाही.

आमचं घर नागपुरात, जरीपटक्याच्या पलीकडे, नाल्याला लागून. एक खोली, वर टिनाचं छत. बाबा इतवारीत भांड्यांच्या ठोक दुकानांचा माल हातगाडीवर वाहायचे – पितळेचे हंडे, स्टीलच्या कोठ्या, गोणपाटात बांधलेल्या परातींचे थर. आई चार घरची धुणीभांडी करायची. आणि मी नि आई मिळून एक स्लीपर वापरायचो. एक जोड. निळ्या पट्ट्याची रबरी स्लीपर. आई पहाटे घालून कामाला जायची, साडेदहाला परत यायची, आणि मी दप्तर पाठीला लावून दारात उभी असायची. ती पायातून काढायची, मी पायात घालायची. स्लीपर नेहमी ओली असे. लोकांच्या भांड्यांच्या पाण्यानं ओली. आईला एखाद्या घरी उशीर झाला की मलाही शाळेला उशीर – आणि उशीर का झाला हे मास्तरीणबाईंना कधी सांगितलं नाही. काय सांगणार? चप्पल घरी नव्हती?

दुसरा जोड घ्यायचा विषय दर महिन्याला निघायचा आणि दर महिन्याला बाजूला पडायचा. नागपुरात मार्च लागला की डांबर मऊ होतं, तुम्हाला माहीत असेल. ज्याला माहीत नाही त्यानं अनवाणी चालून बघावं.

त्या स्लीपरचा पट्टा सारखा निघायचा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला जी गोल गुंडी असते ती झिजते, आणि चालता चालता भोकातून वर निघून येते. मग माणूस रस्त्यात एका पायावर उभा. यावर उपाय आईनं शिकवला होता – चप्पल उलटी करायची, गुंडी खेचून तळाच्या बाहेर काढायची, आणि गुंडी नि तळ यांच्या मध्ये आडवी सेफ्टी पिन घालायची. मग गुंडी परत वर येत नाही. पिनेचं तोंड टाचेकडे ठेवायचं, नाहीतर ती उघडून पायात शिरते. हे ज्यानं केलं आहे त्याच्या बोटांना ते कायमचं येतं. ज्यानं केलं नाही त्याला सांगून समजत नाही.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मी शिकले. कोणाच्या मेहरबानीनं नाही – हे मला मुद्दाम लिहायचं आहे. आमच्या घरात, काका-मामांच्या घरांत, माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मानसशास्त्रात बी.ए. केलं, मग बाहेरून एम.ए. बाबांनी पहिल्या पदवीचा फोटो प्लास्टिकमध्ये घालून हातगाडीच्या दांड्याला बांधला होता. पावसात बुरशी धरून माझा चेहरा गेला, टोपी तेवढी राहिली. तरी सोडला नाही.

आणि त्या पदवीवर मला नोकरी लागली ती – कशी सांगू – माणसांचे चार प्रकार पाडायची.

बर्डीला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर केंद्र होतं. नाव सांगत नाही, आता ते बंद आहे. ‘आपल्या पाल्याचा स्वभाव ओळखा, योग्य करिअर निवडा.’ चालवणारे सर आधी विमा विकायचे. कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिरातून ते ही चाचणी घेऊन आले होते. साठ विधानं. ‘मला गर्दीपेक्षा एकांत आवडतो.’ ‘एखादी वस्तू कशी चालते हे उघडून बघावंसं वाटतं.’ ‘दुसऱ्यांना आनंदी पाहून मला समाधान मिळतं.’ पुढे हो किंवा नाही. आणि त्यातून माणूस चारांपैकी एका कप्प्यात – अग्रणी, चिंतक, सर्जक किंवा सेवाभावी. मेसच्या डब्याला चार कप्पे असतात ना? तसे. वरण वरणात, भात भातात.

अग्रणीनं साहेब व्हायचं. चिंतकानं डॉक्टर, इंजिनियर, संशोधक. सर्जकानं वास्तुकला, जाहिरात, फॅशन. आणि सेवाभावी? सेवाभावीच्या पानावर ‘मदतनीस’ हा शब्द चार वेळा होता. रुग्णालयात मदतनीस, बालवाडीत मदतनीस, कार्यालयात मदतनीस, दुकानात मदतनीस. सेवाभावी म्हणजे काय, तर ज्याला सांगितलेलं ऐकायची सवय आहे तो. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण वाचणाऱ्याला कळायचं.

रंगीत अहवाल अकरा पानांचा. चार प्रकारांचे चार अहवाल तयारच होते, वर नाव तेवढं टाकायचं. ‘तुम्ही वरून शांत दिसता पण आतून खूप विचार करता.’ कोण नाही करत? ‘तुमच्या क्षमतेला अजून पूर्ण वाव मिळालेला नाही.’ कोणाला मिळतो? आई-बाप वाचायचे आणि त्यांचे डोळे भरून यायचे – अगदी हाच आहे आमचा. मी समोर बसून मान हलवायची. आणि मनातल्या मनात हसायची. शिकलेली माणसं, बँकेतली, सरकारी ऑफिसातली, जन्मल्यापासून स्वतःच्या घरात वाढलेल्या पोराचा स्वभाव आमच्या अकरा पानांत शोधत होती.

माझी पण चाचणी झाली होती, नोकरीला लागताना. सरांनी उत्तरपत्रिका हातात घेतली, वरवर पाहिली, मोजली नाही आणि म्हणाले, सेवाभावी, रिसेप्शनला एकदम फिट. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. उलट सांगते आहे. कसं वाटतं हे मला माहीत होतं. तरीही.

केंद्रात पांढऱ्या टाइल्स होत्या आणि सरांचा नियम होता – विद्येचं स्थान आहे, पादत्राणं बाहेर. काचेच्या दाराबाहेर तीन फळ्यांचा लाकडी रॅक. माझं टेबल दारासमोर. म्हणजे माणूस आत यायच्या आधी मला त्याच्या चपला दिसायच्या. माझे स्वतःचे सँडल मी रॅकवर ठेवत नव्हते. पिशवीत गुंडाळून आतल्या कपाटात ठेवायची. का, ते विचारू नका. तुम्हाला कळलं असेल.

उत्तरपत्रिका तपासायला पुठ्ठ्याच्या चार चाळण्या होत्या, भोकं पाडलेल्या. प्रत्येक प्रकाराची वेगळी. चाळणी कागदावर ठेवायची, भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या. प्रत्येक प्रकाराला पंधरा गुण. नीट केलं तर एका पोराला वीस मिनिटं. दहावीचा निकाल लागला की केंद्रात बसायला जागा नसायची. एका दुपारी बारा-पंधरा कागद पडले होते, सर घाई करत होते, आणि मी एक कागद न मोजताच लिहून टाकला. बापाचे चकचकीत लेदरचे बूट होते रॅकवर – लिहिलं अग्रणी. बाप इतका खूश झाला, की जाताना मला पेढ्याचा डबा देऊन गेला.

त्यानंतर मी मोजलं नाही. हंगामभर नाही. पुढच्या हंगामातही नाही.

लेदरचे बूट – अग्रणी. आईचे उंच टाचेचे सँडल आणि पोराचे पांढरे महागडे शूज – सर्जक. नवरा-बायको दोघांचे साधे, स्वच्छ, पॉलिश केलेले, म्हणजे डॉक्टर नाहीतर प्राध्यापक – चिंतक. आणि स्लीपर असली, टायरची चप्पल असली, टाचेला झिजलेलं काही असलं – सेवाभावी. एका नजरेत. वीस मिनिटांचं काम एका नजरेत.

आणि एकही माणूस परत आला नाही तक्रार घेऊन. एकही नाही! म्हणजे काय समजायचं? मी तेव्हा समजले, की मी हुशार आहे.

माझ्या आजोबांनी याच शहरात दीक्षा घेतली होती. माणूस कुठे जन्मला यावरून त्याचं काम ठरतं, हे नाकारून ते त्या मैदानावरून घरी चालत आले होते. त्यांच्या नातीनं काय केलं? ए.सी.त बसून चपलेवरून ठरवलं. आणि एम.ए. झाल्यामुळे त्याला स्वभाव म्हटलं.

पण हीसुद्धा ती गोष्ट नाही. हे आळसानं झालं असं म्हणता येईल. मला सांगायचं आहे त्यात आळस नव्हता. मी त्याच्याभोवती फिरते आहे हे मला दिसतंय. थांबा, येते.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनमधली सकाळ, सर अजून यायचे होते. उमरेडहून पहिल्या एस.टी.नं एक माणूस मुलीला घेऊन आला. विणकर. घरी एक हातमाग, त्यावर तो आणि बायको. मुलगी दहावी झालेली, सुषमा नावाची. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं होतं, पोरीला सायन्सला टाका. घरात कोणी शिकलेलं नाही, निर्णय कसा घ्यायचा, म्हणून कोणीतरी आमचा पत्ता दिला.

दारात त्याच्या स्लीपरचा पट्टा निघाला. एका पायावर उभा राहून तो गुंडी भोकात दाबत होता आणि ती परत निघत होती. मी उठले. विचार केला नाही – विचार केला असता तर उठले नसते. ओढणीची सेफ्टी पिन काढली, त्याच्या हातातून स्लीपर घेतली, उलटी केली, गुंडी खेचली, पिन आडवी घातली, तोंड टाचेकडे. दहा सेकंदं लागली असतील.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला – काय सांगू, इतका मोकळा हसला!

“हे तुमाले येते, मॅडम? म्हंजे तुमी आपल्यातल्याच.”

त्यानं आडनाव विचारलं नव्हतं, जात विचारली नव्हती. ज्यांनी ती चप्पल घातली ते सगळे त्याच्या हिशेबानं आपल्यातले होते. इतकी साधी वाटणी. आमच्या चारपेक्षा बरी. पण त्याच्या मागे जिन्यात धरमपेठेतलं एक सुखवस्तू जोडपं आपल्या मुलीला घेऊन उभं होतं. त्या बाईनं माझ्या हातातल्या स्लीपरकडे पाहिलं. मग माझ्या अनवाणी पायांकडे. मग वर तोंडाकडे. बस, एवढंच.

आणि हा माणूस आत येऊन मोठ्यानं लेकीला सांगत होता, “पाह्य वं सुषमे, मॅडमही आपल्यासारख्याच घरच्या. शिकल्या तं खुर्चीवर हायेत.”

चार वर्षं मी ‘माले-तुले’ सोडून ‘मला-तुला’ बोलायला शिकले होते, कपाटात सँडल लपवले होते, डबा एकटीनं खाल्ला होता – आणि एका पिनेनं सगळं उघडं पडलं. मी त्याला म्हणाले, हळू बोला, इथे परीक्षा चालतात. त्यानं लगेच हात जोडले. ते जोडलेले हात बघून मला त्याचा आणखी राग आला.

सुषमाला कागद दिला. इतर मुलांना पाऊण तास लागतो, तिनं वीस मिनिटांत आणून टेबलावर ठेवला आणि गेली नाही. उभीच.

“मॅडम, सात नंबर आन् एक्केचाळीस नंबर एकच प्रश्न हाय. नुसता उलटा करून इचारला. खोटं लिहिणाऱ्याले धरायले ठेवला का?”

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. गंमत वाटत होती तिला. कोडं सुटल्यावर पोरांना वाटते तशी. मी शेकडो पोरांना तो कागद दिला होता. मला कधी दिसलं नव्हतं. मी म्हणाले, तुले काहून पाहिजे, बाहेर बस. आणि म्हणता म्हणता ऐकू आलं मला, मी कोणत्या भाषेत बोलले ते. ती बाई समोरच्या सोफ्यावरच होती.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी दार लावलं आणि कागद काढला. सात आणि एक्केचाळीस. बरोबर होतं तिचं.

मग मी कपाटातून चाळण्या काढल्या. दोन हंगामांनंतर पहिल्यांदा. का काढल्या? तुम्हाला वाटेल पोरीला न्याय द्यायला. नाही. मला बघायचं होतं, की ही काही विशेष नाही. तिच्या बापाच्या चपलेत आणि तिच्या डोक्यात काही फरक नाही, हे मला कागदावर बघायचं होतं. मनःशांतीसाठी.

सेवाभावी – पंधरापैकी तीन. सर्जक – सहा. अग्रणी – सात. चिंतक – पंधरापैकी चौदा.

परत मोजलं. चौदा.

चौदा मी त्याआधी कोणाचे पाहिले नव्हते. मोजायची तेव्हाही नाही. त्या चाचणीवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. पण पोरगी काय आहे हे कळायला मला चाळणीची गरज नव्हती. तिनं एका वाक्यात सांगितलं होतं. आणि तिच्या मास्तरांनाही ते कधीच कळलं होतं.

आता ऐका. मी चाळण्या जागेवर ठेवल्या. संगणकावर सेवाभावीचा अहवाल उघडला. वर तिचं नाव टाकलं, वडिलांचं टाकलं, गाव टाकलं. अकरा पानं छापली. स्पायरल लावलं. सगळं नीट, हळू, एकही टंकनचूक न करता.

चूक झाली असं मी म्हणणार नाही. चूक म्हणजे हात घसरणं. माझा हात घसरला नाही. माहीत नसताना शेकडो पोरांना कप्प्यात टाकलं ते एक, आणि माहीत असताना एका पोरीला टाकलं ते एक. त्या दोन्हींत जे अंतर आहे तिथे मी बारा वर्षं उभी आहे.

ती मला आवडली नाही. ती घाबरत नव्हती. मी सोळाव्या वर्षी अशा खोलीत आले असते तर भिंतीला चिकटून उभी राहिले असते. आणि ही सरळ विचारत होती, तिच्या भाषेत, ओठ न दाबता. आणि तिचा बाप जगाला सांगत सुटला होता, की मी त्यांच्यातली आहे. मला त्यांच्यातलं नसायचं होतं. त्यासाठी मी एवढं शिकले होते. बाकी काही कारण नाही. किती क्षुद्र आहे हे मला दिसतं.

बूटवाल्यांना सर अहवाल समजावून सांगायचे. स्लीपरवाले माझ्याकडे. मी अहवाल टेबलावर ठेवला. त्यानं उघडला नाही. बाजूला सरकवला, आणि थोडा पुढे वाकला.

“कागद राहू द्या मॅडम. तुमी आपल्या हायेत, तुमीच सांगा. मास्तर म्हनते सायन्सले टाक. टाकू का?”

टाका. एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. सर आत फोनवर बोलत होते, ऐकणारं कोणी नव्हतं. धरमपेठेची बाई तर कधीच निघून गेली होती – हे मुद्दाम सांगते, म्हणजे तिच्यावर ढकलायला नको. ती नव्हती. मी होते, तो होता, आणि सुषमा होती.

मी त्यांना अहो-जाहो केलं. खुर्ची जरा मागे घेतली. आणि माझ्या सगळ्यात स्वच्छ मराठीत म्हणाले, की हे शास्त्रीय असतं, इथे माझ्या-तुमच्या मताचा प्रश्न नसतो. मुलीचा स्वभाव सेवाभावी आहे. विज्ञान झेपणार नाही, बारावीत खचून जाईल. मग मुली घरी बसतात, माहीत आहे ना तुम्हाला? त्यापेक्षा आरोग्य मदतनीसाचा अभ्यासक्रम आहे, लगेच काम मिळतं.

‘घरी बसतात’ म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. मला ठाऊक होतं कुठे दाबायचं. माझ्या बाबांना ह्याच वाक्याची भीती वाटायची.

सुषमानं अहवाल घेतला. एक पान वाचलं, मग दुसरं. माझ्याकडे न बघता म्हणाली, “हे माह्याबद्दल नाही हाय.”

“गप वं,” बाप म्हणाला. “मॅडम शिकेल हायेत.”

मी म्हणाले, या वयात सगळ्यांना असंच वाटतं.

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. सात आणि एक्केचाळीसकडे पाहिलं असेल तसं पाहिलं. तिला कळलं होतं. खोटं बोलणाऱ्याला धरायला तिला दोन प्रश्न लागले नाहीत. पण सोळा वर्षांची पोर – बापानं हात जोडलेल्या मॅडमबद्दल बापाला काय सांगणार? दाराबाहेर तिनं वाकून बापाच्या चपला सरळ करून ठेवल्या. एकीच्या तळाला माझी पिन चमकत होती.

तिची उत्तरपत्रिका मी फाइलला लावली नाही. घरी आणली. का आणली, सांगता येणार नाही.

दोन वर्षांनी तो परत आला. हंगाम नव्हता, केंद्र रिकामं होतं. मला वाटलं, आला – शेवटी एक तरी तक्रार घेऊन आला. भीती वाटली. खरं सांगते, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

त्यानं पिशवीतून पातळ काढलं. स्वतः विणलेलं, मोरपंखी, लाल काठांचं. माझ्यासाठी. म्हणाला, पोरगी आठ दिवस जेवली नाही, पण मी ऐकलं नाही, तुमचा शब्द होता. तो अभ्यासक्रम केला तिनं, आता गावातच एका खाजगी दवाखान्यात काम करून राहिली. आणि मग तो शब्द म्हणाला – जपून, एकेक अक्षर उचलून, जसा माझ्याकडून नेला होता तसा.

“तुमी म्हनलं तसंच निंगालं, मॅडम. पोरगी खरंच सेवाभावी हाय.”

मी पातळ घेतलं. हो, घेतलं. छान आहे म्हणाले. चहा मागवला. आणि बोलता बोलता माझी नजर दाराबाहेर गेली, सवयीनं. रॅकच्या वरच्या फळीवर त्याचे नवे सँडल होते, तपकिरी, साधे, पॉलिश केलेले. लेकीनं पहिल्या पगारातून घेतलेले. मला ते दिसले का, हे तो मघापासून बघत होता. माझ्या पद्धतीप्रमाणे आता त्याची मुलगी चिंतक व्हायला हरकत नव्हती. दोन वर्षं उशीर झाला होता.

मदतनीसाचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. कोणी म्हटलं तर मी भांडेन, माझ्या आईनं आयुष्यभर त्याहून खालचं मानलेलं काम केलं आहे. पण आईला कोणी निवडायला सांगितलं नव्हतं. सुषमाला निवडता येत होतं, एका दुपारपुरतं. ती दुपार माझ्या हातात होती.

पुढच्या वर्षी मी स्वतःचं केंद्र काढलं. उद्घाटनाला तेच पातळ नेसले होते. आई पदर बोटांत धरून म्हणाली, “कोनं विनलं वं? हात चांगला हाय.” मी म्हणाले, एका पालकांनी दिलं.

आता सगळं संगणकावर आहे. चाळण्या नाहीत, मोजणी नाही, कागदसुद्धा नाही. माझ्या केंद्रात चपला बाहेर काढाव्या लागत नाहीत – लोक म्हणतात, मॅडम किती साध्या आहेत. त्यांना काय माहीत? चपला माणसाच्या पायात असल्या तरी मला दिसतात. आधी खालीच नजर जाते. शाळा मला भाषणाला बोलावतात, विषय बहुतेक ठरलेला – स्वभावानुसार करिअर. मी बोलते. पोरं लिहून घेतात. मागच्या बाकावरून एखादी पोरगी काही विचारायला हात वर करते, तेव्हा मी वेळ संपली म्हणून सांगते.

उमरेडला मी कधी गेले नाही. तास-दीड तासाचा रस्ता आहे, एस.टी. दिवसभर असते. गेले तर काय म्हणणार? तुझे चौदा होते? हे तिला माहीत आहे. मला माहीत होतं, हे तिला माहीत आहे. ज्याला माहीत नाही तो तिचा बाप – आणि त्याला सांगितलं तर त्याच्याकडे काय उरेल?

तर हे असं आहे. बाबांची हातगाडी सुटली, त्याला आता नऊ वर्षं झाली. नाल्याकडचं घर सोडून आम्ही दोन खोल्या नि वर गच्ची असलेल्या घरात आलो. आईकडे चपलांचे सहा जोड आहेत, ती एकच वापरते. घरातली पहिली पदवीधर मी. केंद्राच्या पाटीवर माझं नाव आहे, पुढे दोन पदव्या. कपाटात मोरपंखी पातळाच्या घडीत एक उत्तरपत्रिका आहे. आणि उमरेडच्या एका दवाखान्यात सुषमा रोज सकाळी आठ वाजता येते, खाटांवरच्या चादरी बदलते, बेडपॅन धुते, सांगितलेलं ऐकते.

हे सगळं मी केलं आहे.